गड पायी चढावा की रोपवेने?

आळंदीच्या मुलांना पायी चालण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. दरवर्षी ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते, आणि लाखो वारकरी तिच्यासवे पंढरपूरची वाट पायी चालतात. पुणे सोडून सासवडकडे जाताना दिवेघाटाचा चढ लागतो. तेथे वारकरी टाळमृदंगाच्या गजरात चढत असतात. पण पालखीच्या रथाला मात्र बैलांच्या जादा जोड्या जुंपल्या जातात. पायी चालणे ही मोठी गोष्ट आहे; तथापि चढ अवघड असेल तेथे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही, हेच जणू तो घाट आपल्याला सांगतो.

हीच दृष्टी ठेवून सहलीच्या वेळी नेहमी निघणाऱ्या एका प्रश्नाचा विचार करू. गडावर पायी जावे की रोपवेने? उदाहरण म्हणून रायगड घेऊ. आपल्या भागातून ताम्हिणी घाट उतरून तेथे कित्येक सहली जातात. याच गडावर १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि १६८० साली तेथेच त्यांनी देह ठेवला. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असून वर जाण्यास हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. १९९६ साली तेथे रोपवे सुरू झाला, आणि कित्येक तासांची चढउतार काही मिनिटांवर आली.

ज्याचे पाय धडधाकट आहेत, त्याने गड पायीच चढावा, असे माझे मत आहे. गड म्हणजे केवळ वरचा माथा नव्हे. वर नेणारी वाट हाही गडाचाच भाग आहे. रायगडाचा महादरवाजा दोन प्रचंड बुरुजांच्या आड असा दडवला आहे की, अगदी जवळ जाईपर्यंत तो दृष्टीस पडत नाही. धापा टाकीत तेथवर आलेल्या मुलाच्या मनात सहज येते, ‘मी तर रिकाम्या हातांनी आलो, ढाल-तलवार घेऊन, वरून होणारा मारा चुकवीत येणाऱ्या शत्रूचे येथे काय झाले असते?’ गड बांधणाऱ्यांची बुद्धी त्याला अशी आपल्या पायांनी कळते. रोपवेने जाणारा थेट मेणा दरवाजापाशी उतरतो; खोल दरी आणि ताशीव कडे त्याला उत्तम दिसतात, परंतु महादरवाजाची ही वाट त्याच्या वाट्याला येत नाही.

मग रोपवे नसावा काय? असे म्हणणारे काही लोक आहेत. ‘पायी चढत नाही त्याने गडावर येऊच नये,’ असे ते म्हणतात. हे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गुडघे दुखणारी आजी, दम्याचे आजोबा, कुबडी घेऊन चालणारा आपला वर्गमित्र यांचा रायगडावर आपल्याइतकाच हक्क आहे. महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, ही इच्छा कित्येक वृद्धांनी आयुष्यभर मनात बाळगलेली असते. रोपवेमुळे ती पुरी होते. मात्र सुटीच्या दिवशी तेथे गर्दी होते. अशा वेळी चालू शकणाऱ्या मुलाने कंटाळ्यापायी रोपवेतील जागा अडवली, तर एखाद्या आजीला तितके अधिक ताटकळावे लागते, हे विसरू नये.

म्हणून सहलीचा बेत आखताना पहिला प्रश्न असा विचारावा : आपल्यात सर्वांत सावकाश चालणारे कोण आहे? त्यांच्या सोयीने वेळ ठरवावी. काहींनी पायी व काहींनी रोपवेने जायचे असेल, तर होळीच्या माळासारखी भेटीची जागा आधीच ठरवावी. चालणाऱ्यांनी ऊन चढण्यापूर्वी निघावे, पुरेसे पाणी घ्यावे आणि एकट्याने पुढे धावू नये. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, दरडीही कोसळतात. वाट बंद असेल तर मुकाट्याने परतावे. जोराच्या वाऱ्यात रोपवे थांबवावा लागतो, म्हणून त्याचीही आधी चौकशी करावी. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो. तेव्हा पायी चढून गेलेल्या एखाद्या थकलेल्या सोबत्याने परतताना रोपवे घेतला, तर त्याची थट्टा करू नये.

गडावर प्रथम कोण पोहोचले, हे चार दिवसांनी कोणी विचारीत नाही. परंतु ज्याला आपण खालीच सोडून गेलो, तो ते पुष्कळ दिवस विसरत नाही. आपण पायऱ्या चढून यावे, आजीने रोपवेने यावे, आणि समाधीपुढे सर्वांनी मिळून हात जोडावेत. असा बेत ज्यांना जमला, त्यांची सहल खरी साधली.