कुत्रे सारखे पाणी पिते? आधी तपासणी, मग औषध



शहाद्याच्या एका भगिनीने विचारले आहे: आमचे कुत्रे नऊ वर्षांचे आहे. सारखे पाणी पिते, रात्री घरातच लघवी करते, पोट सुटले, दोन्ही कुशींवरचे केस गेले. म्हातारपण समजून सोडून द्यावे काय?

सोडू नये. मूत्रपिंडांजवळ दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचा रस जादा बनवू लागल्या की अशीच लक्षणे दिसतात. या विकाराला कुशिंग म्हणतात. बहुतेक कुत्र्यांत मूळ दोष मेंदूखालच्या ग्रंथीत असतो, थोड्यांत मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीवर गाठ असते. मात्र मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, मादीच्या गर्भाशयातील पू यांनीही तहान वाढते. म्हणून साखर, रक्त व लघवी आधी तपासावी.

घरी एक काम फुकट होते. चोवीस तासांत किती पाणी प्याले ते मापाने मोजा. दहा किलोचे कुत्रे लिटरभराहून जास्त पीत असेल तर ते नक्कीच जादा आहे. सकाळची लघवीही घरीच स्वच्छ बाटलीत धरावी, कारण दवाखान्याच्या भीतीनेच कॉर्टिसॉल वाढतो. या लघवीतील कॉर्टिसॉल योग्य प्रमाणात निघाला तर कुशिंग बहुधा नाही. वाढलेला निघाला म्हणून मात्र रोग सिद्ध होत नाही.

पुढची तपासणी दिवसभराची, म्हणजे एका रोजाची खोटी. सकाळी रक्त घेऊन डेक्सामेथासोनचे अल्प इंजेक्शन देतात, मग चार व आठ तासांनी पुन्हा रक्त घेतात. निरोगी शरीर आपला कॉर्टिसॉल कमी करते, रोगी शरीर करीत नाही. दुसरी तपासणी तासाभराची. तिच्यात ग्रंथीला मुद्दाम चेतवून रस किती वाढतो ते पाहतात.

ही दुसरी आपल्या लोकांना अधिक महत्त्वाची. खाज सुटली की स्टेरॉइडचे इंजेक्शन, असे महिनोन् महिने चालते आणि त्यानेच कुशिंगसारखी लक्षणे येतात. तेव्हा ग्रंथी उलट झोपलेली असते व चेतवूनही जागी होत नाही. अशा कुत्र्याला कुशिंगची गोळी दिली तर जिवावर बेतेल. स्टेरॉइडही एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवावे. सबब प्रत्येक इंजेक्शनची, मलमाची चिठ्ठी मागून घ्या व जपून ठेवा. देत नसतील तर नाव लिहून मागा, तो आपला हक्क आहे.

काही बंधू म्हणतील, कुत्र्याचे एवढे कौतुक कशाला? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मोकळीक होती, आपल्याला नव्हती. खरे आहे. पण तो गुन्हा माणसांचा होता, कुत्र्याचा नव्हे.

जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर नमुना बाहेर पाठवता येतो का ते विचारा. मुंबईस नातेवाईक असल्यास परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रोग ठरल्यास गोळी बहुधा जन्मभर आणि मधून मधून रक्ततपासणी, हा खर्च आधीच विचारून घ्यावा. झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, त्यात लाज कसली? लक्षणे नसलेल्या कुत्र्यावर मात्र या तपासण्यांचा एक रुपयाही घालवू नका.