मित्राला खोटा धीर देऊ नये



मित्राला वाईट वाटू नये म्हणून थोडे खोटे बोलले तर चालते का, असे गुरुजींनी मागच्या शनिवारी वर्गात विचारले. जवळजवळ सगळ्यांनी चालते म्हणून हात वर केले. मी नाही केला. का नाही केला, ते इथे लिहितो.

माझा एक मित्र आहे. त्याचे नाव लिहीत नाही. लिहू का, असे मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, "नाव नको लिहू. गणित लिही." म्हणून आधी गणित.

त्यांनी या वर्षी चाळीत 60 क्विंटल उन्हाळ कांदा ठेवला. ठेवला तेव्हा त्यांना क्विंटलला 1000 रुपये मिळत होते, म्हणजे 60,000 झाले असते. पण घरी येणारा जो तो म्हणायचा, "थांबा, पोळा होऊ द्या, भाव वाढेल." मीपण माझ्या मित्राला तेच म्हणायचो. मला भावातले काय कळते? पण तसे म्हटले की तो खूश व्हायचा, सायकल कोणत्या रंगाची घ्यायची ते सांगत बसायचा. म्हणून मी रोज म्हणायचो.

दसऱ्याला चाळ फोडली. वास पार गल्लीपर्यंत आला. निवडून निवडून 35 क्विंटल निघाला, बाकीचा सडला नाहीतर वाळून हलका झाला. त्याला 700 भाव मिळाला. 35 गुणिले 700 म्हणजे 24,500. त्यातून ट्रॅक्टरचे भाडे, हमाली आणि तोलाई अजून वजा करायची आहे. ते सोडले तरी 60,000 मधून 24,500 गेले की 35,500 राहतात. तेवढे पैसे "वाढेल, वाढेल" करता करता गेले. त्याच्या अण्णांनी काही माझे ऐकून कांदा ठेवला नव्हता, हे मला कळते. तरी त्या म्हणणाऱ्यांत मी होतोच.

भाव पुढे काय होईल ते मोठ्या माणसांनासुद्धा सांगता येत नाही. गुरुजींनी आम्हाला सांगितले की डिसेंबर 2023 मध्ये सरकारने कांदा परदेशात पाठवायला बंदी केली आणि ती मे 2024 मध्ये उठवली. आता ते दिल्लीत ठरते. आमच्या पारावर बसून ते कोणाला आधी कळणार? मग माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी कशाला सांगायची?

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. मग एक दिवस नळावर भेटला. म्हणाला, "मी आता शाळा सोडणार. आईबरोबर कांद्याच्या लागणीला जाणार." तिथे आणखी चार मुले होती. ती म्हणाली, "जा रे, मजा आहे, अभ्यास नाही." मला राग आला. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "तुझ्या मजुरीने पस्तीस हजार भरून निघणार आहेत का?" ते खरे होते. पण त्याने हंडा तिथेच ठेवला आणि निघून गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. खरे बोलल्यावर मित्र तुटतो, असे तेव्हा मलाही वाटले.

पण चूक खरे बोलण्याची नव्हती. चार जणांसमोर बोललो ती चूक. आणि नुसते बोललो, पुढे काय करायचे ते सांगितलेच नाही, ती दुसरी.

पाचव्या दिवशी मी एकटा त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर गोल्टी निवडत होता. मीपण निवडायला बसलो. मग हळूच म्हणालो, "भाव वाढेल असे मी आता म्हणणार नाही. मला माहीत नाही. पण शाळेचे मला माहीत आहे. आपल्या शाळेत फी नाही. पुस्तके फुकट मिळतात. दुपारी खिचडी मिळते. शाळा सोडून घरचा एक रुपयासुद्धा वाचणार नाही, उलट दुपारचे जेवण घरचे लागेल." 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षण मोफत आहे, हे आम्हाला शाळेत सांगितलेले आहे. तेही मी सांगून टाकले.

तो काहीच बोलला नाही. पण मला हाकलले पण नाही.

आणखी एक गोष्ट झाली. त्याने रागाने कांदाविक्रीची पट्टी चुरगळून कोपऱ्यात टाकली होती. मी ती उचलून सरळ केली. आम्ही लहान होतो तेव्हा, 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, लाल कांद्याचे भाव फार पडले होते. येवला तालुक्यात एका शेतकऱ्याने होळीच्या दिवशी आपल्या कांद्याची होळी केली होती. तेव्हा सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिले, एका शेतकऱ्याला 200 क्विंटलपर्यंत. त्याला विक्रीची पट्टी आणि सातबारा लागत होता. माझे बाबा तेव्हापासून सगळ्या पट्ट्या पत्र्याच्या पेटीत ठेवतात. मी मित्राला म्हणालो, "या वर्षी काही मिळेलच असे नाही हं. पण कागद फाडू नको." त्याच्या आईने पट्टी माझ्या हातातून घेतली आणि देवामागे ठेवली.

पालकांनो, तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगतो. घरात पैशाचे बोलणे निघाले की तुम्ही आम्हाला "जा, बाहेर खेळा" म्हणता. आम्ही बाहेर जातो, पण ऐकू येते. अर्धे ऐकले की जास्त भीती वाटते. माझ्या मित्राला वाटत होते की आता शेतच जाणार. त्याने विचारल्यावर अण्णांनी सांगितले की शेत जाणार नाही, फक्त सोसायटीचे कर्ज या वर्षी फिटणार नाही. ते ऐकून तो त्या रात्री नीट झोपला, असे त्यानेच मला सांगितले.

माझ्या काही मित्रांचे म्हणणे आहे की मी उगाच शहाणपणा केला. असेल. पण तो परत येतो आहे. रोज येत नाही, आठवड्यातून तीन-चार दिवस येतो. बाकीच्या दिवशी लागणीला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याची बोटे मातीने काळी असतात. गुरुजींना आम्ही दोघांनी मिळून सगळे सांगितले आहे. ते परवा त्याच्या घरी जाऊन आले.

त्याची परिसर अभ्यासाची वही मी उतरवून देतो आहे. अजून नऊ पाने राहिली आहेत. माझे अक्षर त्याला लागत नाही म्हणून तो मला रागावतो.

— इयत्ता 4 थी