पिवळी, पांढरी, तांबडी!



“बाई, गेमचा लाल दिवा पेटतोय, पण टीव्हीवर नुसतं ‘नो सिग्नल’ येतंय. टीव्ही बिघडला का हो?”

मे महिन्याची सुट्टी संपून शाळा भरली, की हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचं कारणही तसंच आहे. मुंबईहून येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेत आंबे न्यायला जागा रिकामी ठेवलेली असते, आणि येताना त्या जागेत कधी कधी त्यांचा जुना टीव्ही गेम असतो! मग काय, मारिओ, कॉन्ट्रा आणि त्या पिवळ्या कॅसेटी. फक्त घरचा टीव्ही मात्र नवा, भिंतीवर टांगलेला. दोघांची गाठ काही केल्या पडत नाही.

बहुतेक वेळा टीव्हीही ठणठणीत असतो आणि गेमही. चूक असते ती मधल्या वायरची निवड. म्हणून या आठवड्यात आपण वायरींचीच ओळख करून घेऊ या.

वायरीच्या पोटात काय असतं?

चित्र नेणारी जुनी वायर आडवी कापलेली बघितलीत, तर मधोमध तांब्याची तार दिसते. तिच्याभोवती प्लॅस्टिकचं आवरण, त्यावर बारीक तारांची जाळी आणि सगळ्यांत बाहेर पीव्हीसीचं साल. आपल्या रत्नागिरीजवळ रनपारला फिनोलेक्सचा कारखाना आहे ना, तिथं पीव्हीसी तयार होतं. पाण्याचे पाइप आणि वायरींची सालं अशाच पीव्हीसीची असतात.

मग ती जाळी कशाला? कलमांच्या बागेला आपण गडगा घालतो, तशीच ती. मिक्सर, पंखा, ट्यूबलाइट यांच्यापासून निघणारा विजेचा गोंगाट ती बाहेरच अडवते. जाळी तुटली, की पडद्यावर मुंग्या आणि पट्टे दिसायला लागतात.

एकच वायर, सगळं एकत्र

निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचा गेम काढला. तुमच्या काका-मामांकडचे कॅसेटवाले गेम बहुतेक त्याच्याच नकला. त्या काळी बहुतेक टीव्हींना आत शिरायची वाट एकच होती, ती म्हणजे अँटेनाची. त्यामुळे गेम स्वतःच एक चिमुकलं दूरदर्शन केंद्र व्हायचा! चित्र आणि आवाज एकाच लहरीवर चढवायचा आणि अँटेनाच्या वायरीतून पाठवायचा. टीव्हीवर तो ‘चॅनल’ शोधून काढावा लागे. चित्र यायचं, पण जरा धुरकट.

तीन रंगांच्या पिना

मग आल्या पिवळी, पांढरी आणि तांबडी. पिवळीतून चित्र जातं, पांढरीतून डाव्या बाजूचा आवाज आणि तांबडीतून उजव्या बाजूचा. आवाज वेगळा झाला, त्यामुळे चित्र सुधारलं. पण एक अडचण उरलीच. चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग दोन्ही त्या एकट्या पिवळीतूनच जातात.

सोलकढी कशी करतात ते आठवा. नारळाच्या दुधात कोकमाचं आगळ घातलं, की ते पुन्हा वेगळं काढता येईल का? टीव्हीला नेमकं तेच करावं लागतं. उजेड वेगळा, रंग वेगळा. त्यात तो चुकतो आणि रंगांच्या कडेला बारीक ठिपके सरकताना दिसतात. बारीक चौकड्यांचा शर्ट जुन्या टीव्हीवर इंद्रधनुष्यासारखा चमचमायचा, तोही यामुळेच. आईबाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

यावर उपाय म्हणजे दूध आणि आगळ आधीपासूनच वेगळ्या भांड्यांत ठेवायचं! एस-व्हिडिओच्या वायरीत उजेड आणि रंग निरनिराळ्या तारांतून जातात. कंपोनंट वायरीत चित्रासाठीच तीन पिना असतात, हिरवी, निळी आणि तांबडी. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ ला कंपोनंट वायर लावली, तर पिवळीपेक्षा चित्र कितीतरी स्वच्छ दिसतं.

इथं एक गंमत आहे. पुष्कळ टीव्हींमध्ये जागा वाचवायला हिरवं आणि पिवळं भोक एकच ठेवलेलं असतं. पिवळी पिन त्यात घातली आणि टीव्हीला मेनूमध्ये तसं सांगितलंच नाही, तर चित्र काळं-पांढरं दिसतं. लगेच ‘रंग गेले’ म्हणून दुकानात धावू नका हं! आधी मेनूमध्ये जाऊन ‘एव्ही’ निवडा.

दीपगृहाची भाषा

आता नव्या वायरीकडे वळू. एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाला. चपट्या तोंडाच्या या वायरीत १९ जोड असतात. चित्र आणि आवाज दोन्ही यातूनच जातात, पण आकड्यांच्या रूपात, म्हणजे ० आणि १.

भाट्याच्या खाडीच्या एका काठावरून पलीकडच्या माणसाला हाक मारा. अंतर वाढलं, की हाक अस्पष्ट होत जाते. जुन्या वायरींतलं चित्र असंच हळूहळू बिघडतं. आता भगवती किल्ल्याजवळचं दीपगृह आठवा. होडीतल्या माणसाला उघडझाप दिसते आहे तोवर तो ती बरोबर मोजतो. दिवा जरा मंद दिसला, म्हणून मोजणी चुकत नाही. दाट धुक्यात दिवा दिसेनासा झाला, की मात्र सगळंच थांबतं. एचडीएमआयचं तसंच असतं. चित्र येईल तर चोख येईल. वायर कमी पडली, तर पांढऱ्या ठिणग्या उडतील, पडदा मध्येच काळा होईल किंवा काहीच दिसणार नाही.

यातूनच खरेदीचा एक धडा मिळतो. चांगल्या साध्या वायरीतून सगळे आकडे बरोबर पोचत असतील, तर सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या वायरीतून ते ‘जास्त बरोबर’ पोचणार नाहीत! सोन्याला गंज चढत नाही एवढाच त्याचा फायदा.

वायरीला मेंदू नसतो

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं खाऊचे साठवलेले सगळे पैसे घालून एक वायर आणली. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना. दोन्ही टोकं अगदी बरोबर बसली, पण पडदा काळाच! बिचारी रडवेली झाली. घरच्यांना वाटलं, हिनंच टीव्हीचं काहीतरी केलं. तिची काहीच चूक नव्हती.

पिवळ्या पिनेतली भाषा हाकेची आणि एचडीएमआयची आकड्यांची. या भाषेचं त्या भाषेत भाषांतर करायला मध्ये दुभाषा लागतो. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. ती एक छोटी डबी असते, आत चिप असते आणि तिला बाहेरून वीज द्यावी लागते. नुसत्या तांब्याच्या तारेला भाषांतर कसं येणार? आणि कन्व्हर्टरला दिशाही असते बरं का. जुना गेम, नवा टीव्ही असेल तर ‘एव्ही टू एचडीएमआय’ लागतो. नवा गेम, जुना टीव्ही असेल तर ‘एचडीएमआय टू एव्ही’. उलटा आणलात तर उपयोग शून्य.

दुकानात जाण्यापूर्वी

१. गेमच्या मागची आणि टीव्हीच्या मागची सगळी भोकं वहीत काढा, रंगांसकट.
२. दोन्हीकडे सारखं काय आहे ते शोधा. एचडीएमआय असेल तर तीच वायर. नसेल तर कंपोनंट, मग एस-व्हिडिओ, मग पिवळी, आणि शेवटी अँटेना.
३. टीव्हीला तीन रंगांची भोकं दिसत नसतील, तर ‘एव्ही’ लिहिलेलं एकच छोटं गोल भोक आहे का बघा. त्याची वायर टीव्हीच्या खोक्यातलीच वापरा. दिसायला तशाच असणाऱ्या दुसऱ्या वायरींत आतले जोड वेगळ्या क्रमानं असू शकतात.
४. अंतर सुतळीनं मोजा आणि थोडीशीच जास्त लांबीची वायर घ्या. उगाच दहा मीटरचं भेंडोळं नको.
५. नव्या ४के गेमसाठी एचडीएमआयच्या वेष्टनावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं लिहिलेलं बघा. जुन्या कॅसेटवाल्या गेमला त्याची काही गरज नाही. त्याच्या चित्रात आडव्या ओळी असतात जेमतेम २४०!

कोकणासाठी खास

आपल्याकडच्या खाऱ्या हवेनं पिनांवर हिरवट थर चढतो आणि चित्र थरथरतं. नवी वायर घेण्याआधी दोन्ही यंत्रांची वीज बंद करून जुनीच पिन कोरड्या फडक्यानं पुसून बघा. पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं, की गेम, टीव्ही आणि अँटेनाची वायर, सगळं काढून ठेवायचं, पण ते वीज जवळ येण्याआधीच. आणि जुना डब्यासारखा टीव्ही उघडायचा नाही म्हणजे नाही! बंद केल्यावरही त्याच्या काचनळीत हजारो व्होल्टचा दाब शिल्लक असू शकतो.

आईबाबांसाठी

‘नो सिग्नल’ दिसलं, की लगेच मुलांवर ओरडू नका. त्यांच्याबरोबर टीव्हीच्या मागं डोकवा आणि भोकांचं चित्र त्यांनाच काढू द्या. जुन्या गेमसाठी नवा टीव्ही बदलायची किंवा जुना भंगारात द्यायची वेळ सहसा येत नाही. काम एका योग्य वायरीचं किंवा डबीचं असतं. आणि हो, गेम लागल्यावर तो बंद किती वाजता करायचा, हेही सुरू करण्याआधीच ठरवून टाका!

करून बघा

मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर ओल्या बोटानं पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो. त्यातून निरखून बघा. पांढऱ्या रंगाच्या जागी कोणते तीन रंग दिसतात? बघून झालं, की पडदा पुसायला विसरू नका.

डोकं चालवा

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं धरली, तर वायरीतून सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपक्यांची माहिती जाते! ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. मग ते फुल एचडीच्या किती पट झाले? कॅल्क्युलेटर न वापरता, नुसतं आकड्यांकडे बघून सांगता येतं का, ते पोस्टकार्डावर कळवा. कसं ओळखलंत, तेही लिहा हं!

— तुमच्या बाई