तालमीत घुसायला शिका!

हॉस्टेलमध्ये परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की चर्चा फक्त जीआरईची. मला मात्र झुबिन मेहता आठवतात. डॉक्टरकीचा अभ्यास सोडून १९५४ मध्ये, १८ व्या वर्षी, ते मुंबईहून व्हिएन्नाला संगीत शिकायला गेले. मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना प्रवेश नव्हता, म्हणून ते आणि मित्र क्लाउडिओ अबाडो चक्क कोरसमध्ये गायला उभे राहिले! डिग्री कॉलेज देतं, पण शहराकडून शिकायचं तर असं घुसावं लागतं. आणि ही सवय इथेच लावायला हवी. लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे, परदेशातून लोक तिथे योग शिकायला येतात. आणि आपण? चार वर्षं नुसती चिक्की आणि भुशी डॅम! सबमिशन संपलं की कोण कोण येतंय?