डावीकडे खनिज, उजवीकडे अवयव: या तक्त्याने काय बिघडवले

खनिजांविषयीच्या विज्ञानवार्तांचा साचा ठरलेला आहे. कॅल्शियम हाडांसाठी, लोह रक्तासाठी, आयोडीन गळ्यातील ग्रंथीसाठी. डावीकडे खनिज, उजवीकडे अवयव, मध्ये बाण. परीक्षेत दोन गुण मिळवायला हा तक्ता पुरेसा आहे. पण शरीर तक्ता वाचून चालत नाही. याच तक्त्यावर धोरणे बेतली जाऊ लागली की त्याची किंमत मुलांच्या हाडांना मोजावी लागते. जबलपूरच्या चेरीतालमधून हे लिहिताना उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. शेजारचा मंडला जिल्हा पुरे आहे.

मंडल्यातील तिलईपानी या गावात मुलांचे पाय गुडघ्यांपासून बाहेर वळू लागले होते. उभे राहिल्यावर गुडघे एकमेकांना भिडत आणि पावले दूर राहत. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेने, १९९०च्या दशकात तेथे तपासणी केली. दोष हापशीच्या पाण्यात सापडला. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ग्राह्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. येथे ते या मर्यादेच्या कितीतरी पट होते. ज्या हापशीकडे आपण सुरक्षित पाण्याची खूण म्हणून पाहतो, तिच्यातूनच हे व्यंग घरोघर पोहोचत होते.

तक्त्याप्रमाणे पाहिले तर प्रकरण येथे संपते: फ्लोराइड जास्त, म्हणून हाडे वाकडी. पण फ्लोराइडयुक्त पाणी पिणाऱ्या प्रत्येक गावात असे पाय दिसत नाहीत. आहारात कॅल्शियम तुटपुंजे असेल तेथे फ्लोराइडचा घाव खोल जातो. पुरेसे कॅल्शियम आतड्यातच फ्लोराइडला बांधून ठेवते आणि त्याचे शोषण घटवते. ते नसेल तर फ्लोराइड वाढत्या हाडात शिरते आणि कॅल्शियमची गरज आणखी वाढवते. म्हणून जबलपूरच्या संशोधकांनी पाण्याचा स्रोत बदलण्याबरोबरच आहारही बदलला. कॅल्शियमसाठी चकोड्याची भाजी, ‘क’ जीवनसत्त्वासाठी आवळा. चकोडा म्हणजे आपला टाकळा, पहिल्या पावसात बांधावर फुकट उगवणारा. लहान मुलांमध्ये सुधारणा दिसली. प्रौढांतील जुने व्यंग मात्र असे जात नाही. उशिराची शिक्षा कायमची असते.

याहून गुंतागुंतीची साक्ष हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची आहे. आंध्रातील फ्लोराइडग्रस्त भागात असेच पाय आढळल्यावर तेथील ज्वारीही तपासली गेली आणि तिच्यात मॉलिब्डेनम अधिक मिळाले. देवस्थळे आणि गोपालन यांनी १९७४ मध्ये दाखवले की ज्वारीतील मॉलिब्डेनम वाढले की माणसाच्या लघवीवाटे तांबे अधिक बाहेर पडते. आणि हाडांच्या घडणीला तांबे लागते. एका गुडघ्यामागे चार मूलद्रव्ये उभी आहेत: फ्लोरीन, कॅल्शियम, मॉलिब्डेनम, तांबे. यांतील कोणत्या एकाची गोळी देणार?

येथे आयोडीनयुक्त मिठाचा दाखला दिला जाईल, आणि तो खरा आहे. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या प्रयोगाने गलगंड हटवण्याचा मार्ग दाखवला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. पण तो उपाय चालला, कारण तेथील जमिनीतच आयोडीन नव्हते आणि मीठ प्रत्येक घरात जाते. या यशाला सर्व खनिजांचा नियम समजणे हीच आपली चूक.

लोहाचे पाहा. १९७० पासून देशात लोहाच्या गोळ्या वाटल्या जात आहेत. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षयी स्त्रियांचे प्रमाण चौथ्या फेरीत ५३ टक्के होते, ते पाचव्या फेरीत ५७ टक्के झाले. बोटातून घेतलेल्या रक्तामुळे हा आकडा फुगतो, असा आक्षेप आहे. तो मान्य केला तरी अर्धशतकाच्या वाटपानंतर हे चित्र अभिमानाचे नाही. जेवणासोबतचा चहा लोहाचे शोषण रोखतो, आवळा किंवा लिंबू ते वाढवतो, पोटातील जंत रक्त पितात. फॉलेट आणि ब-१२ कमी असतील तर लोह एकटे रक्त बनवू शकत नाही. हे गोळीच्या पाकिटावर लिहिलेले नसते, बातमीतही नसते.

विद्यार्थिमित्रांनो, ‘अमुक खनिजाचे दहा फायदे’ अशी बातमी समोर आली तर तिला विचारा: कोणत्या पाण्याबरोबर? कोणत्या धान्याबरोबर? कोणत्या वयात? उत्तर नसेल तर ते विज्ञान नव्हे, जाहिरात आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत आजही फ्लोराइडचे पाणी उपसले जाते. तेथील मुलाला कॅल्शियमची बाटली दाखवण्याआधी त्याची हापशी तपासा आणि त्याच्या ताटात काय आहे ते पाहा. टाकळा तेथेही उगवतो. पण त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण तो विकता येत नाही.