विटकरी रंगाचे पाहुणे

आपल्या खाडीकिनारी हिवाळ्यात उतरणारे चिखलपक्षी बहुधा करड्या रंगाचे असतात. त्यामुळे सामान्य माणसाची नजर त्यांच्यावर ठरत नाही. एप्रिलच्या सुमारास, उत्तरेकडे परतण्यापूर्वी, त्यांना विणीचा रंग चढू लागतो. सोनचिखल्याचे पोट काळेभोर होते. हा सोहळा ऐन भरात पाहावा तो मात्र अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, डेलावेअर उपसागराकाठी, मे महिन्याच्या उत्तरार्धात.

तेथील मानाचा पाहुणा म्हणजे रेड नॉट. एरवी राखी दिसणारा हा पक्षी त्या दिवसांत चेहऱ्यापासून पोटापर्यंत विटकरी असतो. त्यांतील कित्येक दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील तिएरा देल फुएगोहून निघून कॅनडाच्या आर्क्टिक प्रदेशात घरटे करतात. एका बाजूचा प्रवास सुमारे 15,000 किलोमीटरांचा. उपसागरावर उतरताना अनेकांचे वजन 120 ग्रॅमच्या आत असते आणि पुढील झेपेसाठी ते 180 ग्रॅमपर्यंत न्यावे लागते. मुदत जेमतेम दोन आठवडे. एरवी शिंपले कवचासकट गिळणाऱ्या या पक्ष्याची पचनेंद्रिये दीर्घ उड्डाणासाठी आक्रसलेली असतात. कठीण अन्न त्याला चालत नाही, मऊच हवे.

ते पुरवितो हॉर्सशू खेकडा. नाव खेकड्याचे, पण कूळ कोळ्या-विंचवांच्या जवळचे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात माद्या वाळूत अंडी पुरतात, आणि मागाहून येणाऱ्या माद्या ती उकरून वर आणतात. पक्ष्यांच्या वाट्याला येतात ती ही उघडी पडलेली अंडी. म्हणजे त्यांचा निर्वाह मुद्दलावर नव्हे, वरकडावर चालतो. खेकडे विरळ झाले की उकरणेच थांबते.

नेमके तेच घडले. 1990 च्या दशकात मासेमारीच्या आमिषासाठी खेकड्यांची बेसुमार उचल झाली. 1980 च्या दशकात येथे 90 हजारांहून अधिक रेड नॉट मोजले गेले होते. पुढे ती संख्या 20 हजारांखाली आली. न्यू जर्सी राज्याने 2008 मध्ये खेकडे पकडण्यास बंदी घातली, आणि 2014 मध्ये या पक्ष्याच्या तेथील उपजातीला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. तरीही लसी व इंजेक्शनांत जिवाणूंची विषद्रव्ये नाहीत ना, हे तपासण्यासाठी खेकड्यांचे निळे रक्त काढले जातेच. त्यात काही मरतात. प्रयोगशाळेत तयार होणारा पर्याय उपलब्ध असताना ही दिरंगाई समर्थनीय वाटत नाही.

पाहुण्यांच्या मुक्कामात काही किनारे माणसांसाठी बंद असतात. पक्षीप्रेमी दोरीअलीकडून दुर्बिणी लावतात, पायांतील खुणांवरची अक्षरे वाचतात. 1995 मध्ये अर्जेंटिनात खूण बांधलेला ‘बी 95’ 2014 पर्यंत दिसत राहिला. त्याने कापलेले अंतर चंद्रापर्यंतच्या अंतराहून अधिक भरले, म्हणून त्याला ‘मूनबर्ड’ म्हणतात. लाटांनी उलटे पडलेले खेकडे उन्हात मरू नयेत म्हणून स्वयंसेवक किनारा धुंडाळतात. शेपटी न ओढता, कवचाच्या कडेला हात घालून, एकेकाला सुलटे करतात.