संपादकीय : दाखल्यावरचा रकाना



स्मरणिकेच्या या पानावर आपण दरवर्षी धम्म, चळवळ आणि परदेशातील आपल्या मुलांचे संस्कार यांचा ऊहापोह करीत आलो. यंदाचा विषय वरवर पाहता रुक्ष वाटेल. तो आहे ग्रीन कार्डासाठी, म्हणजे अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांचा. परंतु गेल्या काही वर्षांत मंडळाच्या सभासदांचे जे दूरध्वनी रात्री-अपरात्री आले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हाच विषय होता, म्हणून त्यावर मोकळेपणाने लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते.

एक उदाहरण सांगतो. मराठवाड्यातील एका खेड्यात घरीच जन्मलेला, आज चाळिशीत असलेला आपला एक बंधू. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. अर्जासोबत जोडण्यापूर्वी त्याने त्या दाखल्यावरील धर्म आणि जातीचा रकाना काळ्या शाईने पुसून टाकला होता. कारण विचारता तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कागद कंपनीच्या माणसांच्या हातून जातात. तिथे आपल्याकडचेच लोक बसलेले आहेत." व्हायचे तेच झाले. खाडाखोड केलेला कागद संशयास्पद ठरला आणि अधिक पुराव्याची मागणी करणारी नोटीस आली. अशा नोटिशीला उत्तर देण्यास बारा आठवड्यांहून अधिक मुदत मिळत नाही. त्या बारा आठवड्यांत त्या कुटुंबाची झोप उडाली.

त्या बंधूला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्याची भीती निराधार नव्हती. जात सातासमुद्रापार येते, हे आता येथील नगरसभांनाही ठाऊक झाले आहे. सिएटल शहराने २०२३ साली जातिभेदाला कायद्याने मनाई केली, त्याच वर्षी फ्रेस्नो शहराने तेच केले. मात्र कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये परत पाठविले. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ग्रीन कार्डाच्या अर्जात धर्म विचारीत नाहीत आणि जातही विचारीत नाहीत. दाखल्यावरील त्या रकान्याने कोणाचा अर्ज नामंजूर होत नाही. तो पुसल्याने मात्र होऊ शकतो. जाणूनबुजून केलेली खोटी माहिती सिद्ध झाली, तर या देशाचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. "तालुक्याला ओळख आहे, मागील तारखेचा दाखला काढून देतो," असे म्हणणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नये, ते याचसाठी.

आपले कागद एकमेकांशी जुळत नाहीत, याला आपण लबाड आहोत हे कारण नाही. आपला इतिहासच तसा आहे. आपल्या आई-वडिलांना विचारा. कोणी कोयनेच्या भूकंपाच्या साली जन्मले, तर कोणी बहात्तरच्या दुष्काळात. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्याचा अंमल बहुतेक ठिकाणी १ एप्रिल १९७० पासून सुरू झाला आणि वस्तीपर्यंत पोहोचण्यास त्याला आणखी कित्येक वर्षे लागली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिले, ते मूल जूनमध्ये पहिलीत बसावे म्हणून. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण बौद्ध झालो. परंतु अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. महाराष्ट्र राज्याने सवलती आधीच दिल्या असल्या तरी केंद्राचे दार तोवर बंद होते. म्हणून एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आणि धाकटीच्या दाखल्यावर 'बौद्ध' असे आढळते. कोणी गावावरून आडनाव घेतले, कोणी जुने टाकले. आडनावाचे रोमन स्पेलिंग तर शाळेत एक, पारपत्रावर दुसरे.

या विसंगतींना सरळ मार्गाने उत्तर आहे. जन्माची नोंद नसेल, तर प्रथम ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा. त्यासोबत शाळेचा दाखला यांसारखे दुय्यम पुरावे जोडावेत. तेही अपुरे असतील, तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्या आणि अर्जाशी हितसंबंध नसलेल्या किमान दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे चालतात. नोंद आहे पण त्यात बाळाचे नावच नाही, केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच लिहिले आहे, असेही पुष्कळदा आढळते. दाखल्यावर नाव आणि आई-वडील दोघांचीही नावे आहेत की नाहीत, हे आजच तपासून पाहावे. उशिरा केलेली नोंदणी कायदेशीर आहे. मात्र ती नवी असल्याने तिच्या जोडीला जुना पुरावा मागितला जातो. नावात फरक असेल तर राजपत्रातील नावबदलाची प्रत आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जवळ असावे. तारखांतील फरक लपवू नये. तो का पडला, हे चार सरळ वाक्यांत लिहून द्यावे.

विवाहाचेही तसेच. त्रिशरण-पंचशील घेऊन झालेला आपला मंगल परिणय आपणांस पवित्र आहे आणि बौद्धाचार्यांनी दिलेले प्रमाणपत्र जपून ठेवण्याजोगे आहे. तथापि येथील कार्यालयास शासकीय नोंदणीचा दाखला लागतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे आणि महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा स्वतंत्र कायदा १९९८ चा आहे. ज्यांनी नोंदणी केलेली नाही, त्यांनी पुढच्या भारतभेटीत ते काम प्रथम उरकावे.

आमच्या व्यवसायामुळे वैद्यकीय तपासणीविषयी दोन शब्द. ही तपासणी शासनमान्य डॉक्टरच करतो. तीत लसी आणि काही ठरावीक संसर्गजन्य आजार यांसारख्या गोष्टी पाहिल्या जातात.  क्षयाचा जंतू शरीरात सुप्तावस्थेत असणे आणि संसर्गजन्य क्षयरोग असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने अर्ज अडत नाही, दुसऱ्यावर उपचार पूर्ण करावे लागतात. लहानपणी टोचलेल्या बीसीजी लसीमुळे सध्याची रक्ततपासणी बिघडत नाही. पूर्वी क्षय होऊन गेला असल्यास तो लपवू नये, उपचाराचे जुने कागद सोबत न्यावेत. एचआयव्हीचा संसर्ग जानेवारी २०१० पासून प्रवेशबंदीचे कारण राहिलेला नाही.

या सर्व धडपडीला घाई का, असे कोणी विचारील. नोकरीच्या आधारावर दरवर्षी सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जात नाहीत. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग कित्येक वर्षांची आहे. नागरिकाने भावंडासाठी केलेल्या अर्जाची रांग तर पंधरा वर्षांहून अधिक लांबली आहे. एवढी वाट पाहून आपली तारीख लागते तेव्हा कागद तयार नसतील, तर त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. मूल २१ वर्षांचे झाले की आई-वडिलांच्या अर्जातून गळण्याचा धोका असतो. २००२ च्या कायद्याने वयाच्या हिशेबात काही सूट दिली आहे, पण तिचीही मुदत आहे. नागरिक झालेल्या मुलाला आई-वडिलांना येथे आणण्यासाठी संख्येची मर्यादा नाही. मात्र तेथे पहिला पुरावा लागतो तो त्या मुलाच्याच जन्मदाखल्याचा, ज्यावर आईचे नाव असले पाहिजे.

आणि साक्षीदार थांबत नाहीत. वर उल्लेखिलेल्या बंधूची सुईण असलेली आजी कधीच निवर्तली होती. जन्म पाहिलेली आत्या नोटीस येण्याच्या आदल्या हिवाळ्यात गेली. शेवटी गावच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी आणि एका वृद्ध शेजारणीने प्रतिज्ञापत्र दिले, पंचायतीने नोंद नसल्याचा दाखला दिला, शाळेने दाखल्याची नवी प्रत दिली. या वेळी रकाना जसाच्या तसा ठेवून पूर्ण अनुवाद जोडला, पहिल्या कागदावर काय केले होते आणि का, हेही लिहून दिले. अर्ज मंजूर झाला. परंतु ती शेजारीण नसती तर?

म्हणून आमची मंडळापुढे सूचना आहे. इंग्रजी अनुवाद संपूर्ण असला पाहिजे आणि तो अचूक असल्याचे व आपणांस दोन्ही भाषा येत असल्याचे अनुवादकाने लिहून दिले पाहिजे, एवढीच येथील अट आहे. तो व्यावसायिक असावा असे बंधन नाही. मग आपल्या कोणाचाही दाखला परक्याच्या टेबलावर अनुवादासाठी का जावा? मंडळातील मराठी-इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या बंधू-भगिनींचा एक गट स्थापन करावा. प्रत्येक कुटुंबाने या वर्षात आपली फाइल तयार करावी आणि गावाकडील वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे त्यांच्या हयातीतच करून घ्यावीत. कायदेशीर निर्णयासाठी मात्र अधिकृत वकिलाचाच सल्ला घ्यावा, कारण नियम वरचेवर बदलतात.

सातारच्या सरकारी शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. आंबडवे या गावावरून आलेले ते आडनाव आज आपण जयघोषात घेतो. वर्गाबाहेर बसविल्या जाणाऱ्या त्या मुलाचा पुरावा म्हणून शाळेचा तो पट आज जपून ठेवला आहे आणि महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या मुलानेच पुढे १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाऊल ठेवले. आपल्या दाखल्यावरचा तो रकानाही असाच एक पट आहे. आपण कोठून निघालो आणि कोठवर आलो, याचा तो पुरावा आहे. त्यावर शाई ओतू नका. तो सांभाळा, आणि मुलांनाही एकदा वाचून दाखवा.

भवतु सब्ब मंगलं। जयभीम!